पुस्तकाच्या पाठीवरचं ओझं

माझा मुलगा सहावीत होता तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेने वाचन प्रकल्प दिला. वहीत तक्ता आखायचा आणि चार रकाने भरायचे: पुस्तकाचं नाव, लेखक, पानं, मिळालेला बोध. पंचवीस पुस्तकं झाली की प्रकल्प पूर्ण. तोवर हा मुलगा हाताला लागेल ते वाचायचा. जेवताना ताटाशेजारी पुस्तक उघडं असायचं, पानांवर हुमणाचे, म्हणजे माशांच्या आमटीचे, पिवळे डाग पडायचे. मी ओरडायचे आणि मनातून खूश असायचे. प्रकल्प आला तसं त्याने कपाटातली सगळ्यांत बारीक पुस्तकं वेगळी काढली. बोधाच्या रकान्यात आळीपाळीने दोनच वाक्यं होती: ‘नेहमी खरे बोलावे’ आणि ‘मोठ्यांचे ऐकावे’. एक पुस्तक बेडकांच्या माहितीचं होतं. त्याच्यापुढेही ‘मोठ्यांचे ऐकावे’ असंच लिहिलेलं. वही वेळेत गेली, शेरा चांगला मिळाला आणि पुढचं जवळजवळ वर्षभर त्याने आपणहून एकही पुस्तक उघडलं नाही.

त्या शाळेला मी दोष देत बसणार नाही. मुलांनी वाचावं असंच शिक्षकांना वाटत होतं, आणि वाचलं की नाही हे कळायला त्यांच्याकडे दुसरा उपायही नव्हता. पण ती वही माझ्या मनातून जाईना. मी गोव्यातल्या मये गावात वाढले. रात्री जेवणं आटोपली की आजी सोप्यावर बसून गोष्ट सांगायची, आणि ती जरा थांबली की आम्ही भावंडं एकच शब्द बोलायचो: ‘मागीर?’ मग पुढे काय झालं? आजीला अक्षरओळख नव्हती. यातून काय शिकलात, असं तिने आम्हाला कधी विचारलं नाही. गोष्ट संपली की ती उठायची आणि मागच्या दाराची कडी लावायला जायची.

मुलांनी वाचावं असं वाटत असेल तर घरात तो ‘मागीर’ पुन्हा ऐकू यायला हवा, एवढंच माझं म्हणणं आहे. ऐकायला सोपं वाटतं, पण गोव्यात ते अवघड झालं आहे, कारण इथे पुस्तकाला आपण कायम कामाला जुंपत आलो.

भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतं. तो खरं तर इथिओपियाला निघाला होता आणि इथेच राहिला. त्यावर छापलं गेलं ते धर्मप्रसारासाठी. पुढे १६१६ मध्ये गोव्यातल्याच राशोल गावी ख्रिस्तपुराण छापलं. ते रचणारे फादर स्टीफन्स हे इंग्लंडहून आलेले जेझुइट पाद्री. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांच्या जागी कानांना काहीतरी हवं, हे त्यांनी ओळखलं आणि बायबलची कथा मराठी ओवीत रचली. देवनागरी छपाईचे खिळे नव्हते, म्हणून ती मराठी रोमी, म्हणजे रोमन, लिपीत छापली गेली. उपदेशाआधी माणसाला गोष्ट लागते हे त्यांना चारशे वर्षांपूर्वी उमगलं होतं, याचा मला मनापासून आदर वाटतो. तरीही त्या पुस्तकावर सोपवलेलं काम उपदेशाचंच होतं.

१९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं आणि इथल्या हिंदूंना मोकळेपणाने शाळा आणि वाचनालयं काढता येऊ लागली. तिथे पुस्तक समाजजागृतीच्या कामाला लागलं. १९६१ च्या मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या कुणी पाटी धरली नव्हती तिथली मुलं वाचायला शिकली. माझी आई त्यांतलीच, आणि ते ऋण मी विसरू शकत नाही. मग महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर १९६७ चा जनमत कौल झाला, कोंकणीला राजभाषा करणारा १९८७ चा कायदा आला, कुठल्या माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं याचं १९९० चं धोरण आलं, २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदान देण्याचा निर्णय झाला. या सगळ्यात पुस्तक कुणाच्या ना कुणाच्या बाजूने उभं करण्यात आलं. हातात मराठी पुस्तक असेल तर तू या गटाचा, कोंकणी असेल तर त्या गटाचा, इंग्रजी असेल तर दोघांच्याही हातून गेलास.

मी एका गटाच्या घरात वाढले. वडील मराठीच्या मोर्च्यांना जायचे. आमच्याकडे चोवीस तास कोंकणी बोलली जायची, भांडणंही कोंकणीत व्हायची, पण कोंकणी पुस्तक घरात येत नसे. कोंकणीच्या बाजूने असलेल्या घरांत याच्या उलटंही होतं, हे मला पुढे मैत्रिणींकडून कळलं. मोठ्यांच्या भूमिका त्यांच्या जागी असतील. त्यांची किंमत मात्र आम्ही मुलांनी मोजली. निम्म्या गोष्टी आमच्यापर्यंत पोचल्याच नाहीत.

२०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या सुमारे ६६ टक्के लोकांनी मातृभाषा कोंकणी सांगितली, सुमारे ११ टक्क्यांनी मराठी. हिंदी दहाच्या आसपास, कन्नड साडेचारच्या. रोज मराठी वर्तमानपत्र येतं अशी कितीतरी घरं त्या ६६ टक्क्यांत आहेत, माझंही त्यांतलंच. त्याच जनगणनेत साक्षरता जवळपास ८९ टक्के होती. म्हणजे अक्षरं आपल्याकडे आहेत. पण घरात मुलाच्या हाताला सहज लागतील अशी पाठ्यपुस्तकाबाहेरची दहा पुस्तकं आहेत का, हे मी ओळखीच्या घरांत पाहते तेव्हा बहुतेक ठिकाणी शोकेसमध्ये ट्रॉफ्या दिसतात. कुठल्या माध्यमातून शिकावं यावर आपण तीन दशकं हिरिरीने भांडलो, आणि शाळा सुटल्यावर मूल घरी काय वाचतं याकडे बघायला आपल्यातला कुणीच थांबला नाही.

माझी मुलगी इंग्रजी माध्यमात तिसरीत आहे. तिथे देवनागरी एका विषयापुरती. काना-मात्रा-वेलांट्या, जोडाक्षरं, रफार हे सगळं पक्कं व्हायला मुलांना वर्षं लागतात, आणि रोजचा सराव नसेल तर आणखी जास्त. त्यामुळे होतं असं, की मूल आठ वर्षांचं, त्याला समजणारी गोष्ट आठ-दहा वर्षांच्या मुलाची, पण त्याला स्वतः वाचता येतं ते मराठी पहिलीतलं. ‘कमळ बघ, नयन उठ’ छापाचं काहीतरी हातात पडतं, त्याला कंटाळा येतो, आणि आपण म्हणतो, याला मराठीची गोडीच नाही. इलाज एकच आहे, मोठ्याने वाचून दाखवणं. मुलांना वाचून जेवढं कळतं त्याहून ऐकून पुष्कळ जास्त कळतं, आणि हे अंतर लहान वयात चांगलं मोठं असतं. आपण वाचायचं, त्यांनी ऐकायचं. वाचता येऊ लागल्यावरही हे बंद करायचं नाही. मूल पहिलीत गेलं की ‘आता तुझं तू वाच’ म्हणून आपण हात झटकतो, आणि नेमकं तिथेच धागा तुटतो.

मी मुलीला रात्री वाचून दाखवायला लागले त्या पहिल्याच आठवड्यात गोष्टीतली आई पोळ्या लाटत होती. मुलीने मला थांबवलं. पोळे तव्यावर घालतात, लाटतात कसे? तिच्या डोळ्यांसमोर आमच्या घरचे पोळे होते, तांदूळ-उडदाचे, जाळीदार. पुस्तकातला वाडा, ओसरी, चतुर्थीचे मखर, वरणभात-तूप यातलं काहीच तिच्या ओळखीचं नव्हतं. आमच्याकडे चवथ असते, गणपतीवर टांगलेली फळांची माटोळी असते, सकाळी पाववाला पदेर सायकलचा हॉर्न वाजवत येतो, दुपारी शीत-हुमण असतं. मी आणलेल्या पुस्तकांत मासे खाणारं एकही मूल सापडेना. पुण्याकडची गोष्ट वाचू नये असं मी अजिबात म्हणत नाही. दुसऱ्याच्या घरात डोकावायला मिळतं म्हणून तर गोष्ट हवी. पण सगळीच घरं दुसऱ्यांची असली की मुलाला वाटायला लागतं, पुस्तकात आपल्यासारखी माणसं येतच नसतात.

मग मी एक केलं. मराठी पान समोर धरून अधूनमधून कोंकणीत सांगायला लागले. अवघड वाक्य आलं की कोंकणी, संवाद मराठी, पुन्हा कोंकणी. माझ्या एका नातेवाइकांनी हे ऐकलं आणि म्हणाले, अशाने तिचं धड मराठी होणार नाही, धड कोंकणी नाही. ही भीती मला समजते, कारण माझे वडीलही हेच म्हणाले असते. पण गेल्या दोन वर्षांत मी जे पाहिलं ते वेगळं आहे. आधी मी दर वाक्याला कोंकणीत उतरत होते. आता ती मला उतरू देत नाही. ‘आई, आसा तशेंच वाच,’ म्हणते. आहे तसंच वाच. मराठी शब्दांची तिला चव लागली ती कोंकणीच्या हातून. ज्या भाषेत मूल रडतं-हसतं तिच्या खांद्यावर बसवूनच त्याला दुसऱ्या भाषेत नेता येतं, आणि गोव्यातल्या आईबापांना हे खरं तर उपजत येतं. कीर्तनाला, नाटकाला, रणमाल्यासारख्या लोकनाट्याला आपण हेच करत आलो.

आता वेगवेगळ्या लोकांच्या गोष्टींबद्दल. यावर बोललं की काही जणांना ही बाहेरून आणलेली फॅशन वाटते. माझ्या आजीची एक गोष्ट सात बहिणींची होती. सात बहिणी आणि त्यांचा भाऊ खेतोबा गोव्यात आले आणि ठिकठिकाणी वसले. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, आमच्या मयेची महामाया, मोरजीची मोरजाई. आणि त्यांतली एक बहीण म्हापशाला गेली, ती मिलाग्रीस सायबीण, तिथल्या चर्चमधली मेरीमाता. आजी हे नाव बाकीच्या नावांच्या ओळीत, त्याच सुरात घ्यायची. लईराईकडून सायबिणीच्या फेस्ताला तेल जातं आणि तिच्याकडून जत्रेला मोगरीची फुलं येतात, बहिणी एकमेकींना अशाच आठवणीत ठेवतात, असं ती सांगायची. एक बहीण चर्चमध्ये आहे याचं आम्हा मुलांना नवल वाटलं नाही. शाळेत सर्वधर्मसमभावावर निबंध लिहायला सांगितला तेव्हा मला तो शब्द कोरडा वाटला होता. सात बहिणी आधीच माहीत होत्या.

म्हणून मी म्हणते, निरनिराळ्या माणसांच्या गोष्टी ही गोव्याच्या घरातली जुनी सवय आहे, आणि ती आपणच मोडत चाललो आहोत. हिंदू मुलाला चवथीच्या आणि शिवाजी महाराजांच्या गोष्टी, ख्रिस्ती मुलाला इंग्रजी परीकथा, असे कप्पे झाले. माझ्या मुलीच्या वर्गात कन्नड बोलणारी चार मुलं आहेत. त्यांचे आईवडील आमची घरं बांधतात. त्या मुलांच्या आज्या कुठल्या गोष्टी सांगतात हे वर्गातल्या कुणालाच माहीत नाही, बाईंनाही नाही. गावडा-कुणबी वाड्यावरच्या, धनगर वाड्यावरच्या मुलांचंही तेच. धालोसारखी त्यांची नाचगाणी आपण महोत्सवात मंचावर बघतो आणि त्यांच्या गोष्टी मुलांच्या पुस्तकात शोधायला जात नाही.

बोरी-दुर्भाटच्या बाजूला खाजन शेतीतले, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतांतले, लोक पौष अमावास्येला चिखलाची मगर घडवतात, तिच्यावर शिंपल्या बसवतात आणि तिची पूजा करतात. मानगें थापणी म्हणतात तिला. कुंभारजुव्याच्या खाडीत मगरी आहेत, बांध फुटला तर खारं पाणी शेतात येतं, आणि ज्या प्राण्याची भीती वाटते त्यालाच माणसं वर्षातून एकदा हळद-कुंकू लावतात. मी हे मुलीला सांगितलं तेव्हा तिने एका दमात सहा प्रश्न विचारले. मागीर तें मानगें खंय गेलें? मग ती मगर कुठे गेली? पाण्यात विरघळलं की चालत गेलं? मानस, म्हणजे बांधाचं दार, कुणी उघडली? मला वाटतं, असल्या एका सणावर चित्रकाराने नीट वेळ घालून सोळा पानं केली तर डिचोलीपासून काणकोणपर्यंतची मुलं ती फाटेस्तोवर वाचतील. ती कोंकणीत निघो, मराठीत निघो, दोन्हींत निघो. आपल्याकडे लेखक आहेत, चित्रकार तर आहेतच. अकादम्या आहेत, दोन्ही भाषांच्या. संमेलनांवर खर्च होतो त्याचा एक हिस्सा मुलांच्या चित्रपुस्तकांना द्यावा, असा आग्रह आपण वाचकांनी धरायला हवा.

पुस्तकं महाग आहेत, असं म्हणतात. काही आहेत. पण बालभारतीचा ‘किशोर’ १९७१ पासून निघतो आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालयातली पुस्तकं स्वस्त असतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर २०१५ पासून मुलांची सचित्र पुस्तकं मोफत आहेत, मराठीतही आणि कोंकणीतही; छापून काढून शिवून ठेवली तरी चालतं. पणजीत बुकवर्म ही संस्था २००५ पासून मुलांचं वाचनालय चालवते, वस्त्यांत आणि शाळांत पुस्तकं घेऊन जाते. पणजीतल्याच पाटोचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचा वारसा सांगतं आणि तिथे मुलांचा वेगळा विभाग आहे. मात्र सत्तरी तालुक्यातल्या वाड्यावरच्या आईला दोन बस बदलून मुलाला पाटोला नेणं दर आठवड्याला जमणार नाही. ग्रंथालयांचा कायदा १९९३ पासून आहे. त्याचा अर्थ पंचायतीपर्यंत पोचायचा असेल तर पंचायत घराच्या एका खोलीत मुलांच्या उंचीचं, बिनकुलपाचं फडताळ हवं. त्यात मराठी, कोंकणी, इंग्रजी, हिंदी, कन्नड अशी सगळी पुस्तकं एकत्र ठेवलेली हवीत, आणि आईबाप कामावरून सुटतात त्या वेळी दार उघडं हवं. पुस्तकं फाटतील, हरवतील. फाटलेल्या पुस्तकांसाठी दरवर्षी पैसे बाजूला काढून ठेवावेत. ग्रामसभेत रस्ते आणि कचरा यांच्यासोबत हा विषय मांडायला कुणाची हरकत असेल असं मला वाटत नाही. आमच्याकडे मी आणि आणखी तिघींनी तो लेखी दिला आहे.

मोबाइलचं काय, हा प्रश्न येणारच. मुलांच्या हातातून तो काढून घेऊन त्या जागी पुस्तक दिलं तर पुस्तक ही शिक्षा होते. आमच्या घरी रात्री नऊ ते साडेनऊ माझाही फोन स्वयंपाकघरात असतो. बाकी नियम थोडेच आहेत. पुस्तक मुलांनी निवडायचं. नको वाटलं तर मध्येच टाकायचं. तेच पुस्तक चाळीसाव्यांदा हवं असेल तर चाळीसाव्यांदा वाचायचं. आणि संपल्यावर मी काहीही विचारायचं नाही. हा शेवटचा नियम मला सर्वांत जड गेला. मुलाला काय कळलं हे तपासायची ओढ आईबापांच्या जिभेवर बसलेली असते. मी ती गिळायला शिकले तेव्हा कुठे मुलगा, आता आठवीतला, दारात येऊन उभा राहायला लागला. ऐकत नसल्यासारखा. एकदा मी प्रकरण अर्ध्यात थांबवलं, तर सकाळी पुस्तक त्याच्या खोलीत सापडलं, उशीखाली.

शेजारच्या आंटी मूळच्या म्हापशाच्या. त्यांना देवनागरी वाचता येत नाही, पण त्यांच्याकडे रोमी कोंकणीतली पुस्तकं आहेत. एका संध्याकाळी माझी मुलगी तिथे बसून त्यांतलं एक मोठ्याने वाचत होती. अक्षरं तिच्या शाळेतली, शब्द तिच्या घरातले; उच्चार चुकला की आंटी सुधारत होत्या. मला रोमी वाचताना अडखळायला होतं. तिला मात्र काही अडचण नव्हती. तिने आंटींना सात बहिणींची गोष्ट सांगायला घेतली, माझ्या आजीची, माझ्याकडून ऐकलेली. आंटी हसल्या आणि म्हणाल्या, अशी नव्हे गो, आमच्याकडे ती सायबिणीपासून सुरू होते. मुलीने पुस्तक मिटलं, पाय पोटाशी घेतले आणि विचारलं, ‘मागीर?’